काठी टेकत चालणारा

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते.

"बाबा, स्टेशनच्या पुलावरच्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओतली माणसं आमचं सॉफ्टवेअर मोजतं. गर्दी फार झाली किंवा कुणी पडलं की इशारा देतं. पण काठी टेकत हळू चालणाऱ्याला ते खांब समजतं."

"म्हणजे त्या दिवशी मी पुलावर पडलो, तेव्हा?"

"तुम्ही त्याला दिसलाच नव्हता."

"साहेब काय म्हणतात?"

"अशी माणसं असतात कितीशी, सोडून दे म्हणतात. मी नाही सोडणार. तुमच्यासारख्यांच्या चालीचे व्हिडिओ दाखवून त्याला शिकवीन."

"मग माझा काढ की."

"आत्ता? पाय दुखतोय ना?"

"दुखू दे. दारापर्यंत किती फेऱ्या हव्यात?"

"वीस तरी."

"मोबाइल नीट धर. आणि मध्येच हात द्यायला धावू नकोस."