फाटकाजवळची सकाळ

समारंभाचे अध्यक्ष माननीय चंद्रहासजी, व्यासपीठावर बसलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप देण्यासाठी आज आपण सगळे आपापली कामं टाकून अलीगंजच्या या सभागृहात जमलो आहोत त्या आपल्या सुभद्राताई मेश्राम, टेलिफोन एक्स्चेंजमधले त्यांचे सहकारी, आणि लखनौत राहूनही अजून मराठी बोलणाऱ्या, निदान समजणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ती मी पाळणार नाही, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या रांगेत आमचे हे, म्हणजे श्रीरंग केळकर, बसलेले आहेत. मी काय सांगणार ते त्यांना ठाऊक आहे, म्हणून सकाळपासून त्यांनी धड चहासुद्धा घेतलेला नाही. पण त्यांची परवानगी मी काढली आहे. म्हणजे काय, मी विचारलं आणि ते गप्प बसले. आमच्या घरात परवानगी ती हीच.

सुभद्राताईंच्या नोकरीबद्दल त्यांचे सहकारी बोलले. मी बोलणार आहे एका सकाळबद्दल. अठ्ठ्याहत्तर सालचा जानेवारी होता. लखनौचं जानेवारीतलं धुकं इथे कुणाला समजावून सांगायला नको. आम्ही तेव्हा आलमबागला राहत होतो आणि ह्यांनी नुकतीच एक जुनी अँबॅसडर घेतली होती. गाडी आली आणि माणूस बदलला हो! कालपर्यंत बँकेत सायकलने जाणारा हा गृहस्थ आज सायकलवाल्यांना म्हणू लागला, "ये लोग सड़क पे चलना कब सीखेंगे?" हॉर्नवरचा हात निघत नसे. आणि सायकलवाले तरी काय कमी? हॉर्न ऐकला की मुद्दाम तीन-तीन जण शेजारी शेजारी, गप्पा मारत. 'पहले आप' म्हणणारं हे शहर. पण ते सगळं दिवाणखान्यात. रस्त्यावर कोण कुणाला आधी जाऊ देतो?

त्या सकाळी मला कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरले नव्हते. ह्यांनी मला मागच्या सीटवर घातलं आणि निघाले. इस्पितळ रेल्वे फाटकाच्या पलीकडे. फाटक बंद. आपल्याकडे फाटक बंद झालं की काय होतं? रांग लागते का? छे! दोन्ही बाजूंनी अख्खा रस्ता भरतो. इकडचे तिकडच्यांच्या तोंडावर, तिकडचे इकडच्यांच्या. मग फाटक उघडलं तरी कुणालाच जाता येत नाही. सगळ्यांत पुढे सायकली, कारण दोन माणसांतून सायकल घुसते. कारखान्याच्या पाळीला निघालेले कामगार, दूधवाले, शाळामास्तर, शेकड्यांनी.

हे घाबरलेले होते. घाबरलेला माणूस गाडी हळू चालवील असं तुम्हाला वाटेल. ह्यांनी हॉर्न दाबून धरला आणि गाडी त्या गर्दीत पुढे रेटली. धुक्यातून एक सायकल आडवी झाली. चाक वाकल्याचा आवाज मी ऐकला. एक बाई खाली पडली होती.

क्षणात गाडीला वेढा पडला. एका कामगाराने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. "पहले माफ़ी माँगिए साहब, फिर गाड़ी हिलेगी." पुढून कुणी बॉनेटवर थापा मारत होता, "रोज़ का है इनका, रोज़ का!" खोटं नव्हतं ते. त्या लोकांचा रोजचाच राग होता, आज फक्त समोर एक गाडी हाती लागली होती. आणि हे माफी मागायचं सोडून "देखते नहीं, मेरी बीवी बीमार है" असं ओरडत होते. ऐकतो कोण? गाडीवाल्यांची बीवी नेहमीच बीमार असते. माझं मूल याच रस्त्यावर जाणार, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी मोठ्याने ओरडले, "आई गं!"

रस्त्यावर पडलेली ती बाई उठली. गुडघ्यातून रक्त येत होतं, पातळ फाटलं होतं. ती सरळ माझ्या खिडकीशी आली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "कितवा महिना, पोरी?"

मंडळी, परक्या गावात, त्या अवस्थेत, मराठी शब्द कानावर पडल्यावर मला काय झालं असेल! मी रडूच लागले. आणि आमच्या ह्यांनी काय केलं असेल? आपल्या माणसांशिवाय कुणीच करणार नाही ते केलं. चेहरा उजळला, हात जोडले आणि विचारलं, "अरे वा! तुम्ही मराठी? आडनाव काय आपलं?"

हसा, हसा. पण आपल्यातला कोण वेगळं वागला असता? मराठी माणूस भेटला की आधी आडनाव, मग गाव, मग बाकीचं जग.

सुभद्राताई म्हणाल्या, "आडनाव मंग विचारा जी. आधी बाईले खाली उतरवा."

गाडी त्या गर्दीतून निघणार नाही हे त्यांना एका नजरेत समजलं होतं. त्यांनी हरिहर नावाच्या रिक्षावाल्याला हाक मारली, मला सायकलरिक्षात बसवलं आणि स्वतः शेजारी बसून मला धरलं. तेवढ्यात आगगाडी धडधडत गेली, फाटक उघडलं. पण समोर सायकलींची भिंत. पलीकडून तेवढीच. आणि माणसं अजून रागात. मग सुभद्राताई रिक्षात उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडताना बोलतात तसा स्वच्छ, शांत आवाज.

"भैया, चोट मुझे लगी है. माफ़ी मुझे लेनी है, मैं ले लूँगी. बच्ची को जाने दो. सड़क पे जगह नहीं है, तो साइकिल सिर पे उठा लो."

मग किल्ली काढून घेणाऱ्या त्याच कामगाराने आपली सायकल उचलून डोक्यावर धरली. मग त्याच्या शेजारच्याने. मग पुढच्याने. रुळांच्या अलीकडे, रुळांच्या पलीकडे, धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत, सायकली वर जात राहिल्या. दूधवाल्यांनी कॅन उतरवून सायकली उचलल्या. चाकं हवेत हळूहळू फिरत होती. माणसं अंग चोरून बाजूला सरकली आणि मधोमध एका रिक्षापुरती वाट झाली. तेवढा वेळ एकही घंटी नाही, एकही हॉर्न नाही. मी त्या वाटेतून गेले. मी देवळं पाहिली आहेत, हिमालय पाहिला आहे. पण डोळे भरून पाहावं आणि आपण किती लहान आहोत ते कळावं, असं त्या सकाळीच पाहिलं.

आणि आमचे हे? मागे वळून पाहिलं तर तो कामगार ह्यांच्या हातात आपली सायकल देत होता. "चाबी हमारे पास रहेगी, साइकिल आपके पास. शाम को बदल लेंगे." इस्पितळापर्यंत हे रिक्षामागून सायकलवर आले. वाटेत एका जीपवाल्याने त्यांच्या मागे असा हॉर्न लावला म्हणता, की हे नालीत जाता जाता वाचले! संध्याकाळी किल्ली आणायला गेले, तर गाडी लोकांनी ढकलून कडेला नीट लावलेली. ह्यांनी त्या कामगाराची हात जोडून माफी मागितली. सुभद्राताईंची दुपारीच मागून झाली होती.

ती दुपारही सांगितली पाहिजे. मुलगी झाली, जगली. तेव्हा ह्यांनी व्हरांड्यात पुन्हा विचारलं. "आता तरी आडनाव सांगा." त्या म्हणाल्या, "मेश्राम. आम्ही भंडाऱ्याचे. जयभीम." हे क्षणभर गप्प झाले. त्या गप्प होण्याचा अर्थ या सभागृहात सगळ्यांना कळतो. गणपती आमचा, चौदा एप्रिल तुमचा, असं करत आपण एकाच शहरात वर्षानुवर्षं एकमेकांची घरं न पाहता राहिलो होतो. सुभद्राताईंनाही ते गप्प होणं कळलं. तरी त्या उठून गेल्या नाहीत. जखमेला पट्टी बांधून रात्रीपर्यंत माझ्या उशाशी बसून राहिल्या. सायकली उचलायला लावणं मोठं. पण मला विचाराल तर हे बसून राहणं त्याहून मोठं. त्या एप्रिलमध्ये ह्यांनी स्वतः होऊन मुलीला उचलून घेतलं आणि आम्ही त्यांच्या घरी जेवायला गेलो. तेव्हापासून दर वर्षी जातो.

आता ती मुलगी, कल्पना, बारा वर्षांची आहे, सायकल शिकली आहे. आणि तिचे वडील तिला गल्लीबाहेर जाऊ देत नाहीत! म्हणे, रस्ता गाडीवाल्यांचा आहे. भीती आहे हो, मलाही आहे. गाड्या किती वाढल्या बघा. मागच्या रविवारी सुभद्राताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "मी भंडाऱ्याला जायच्या आधी ही पोरगी रस्त्यावर उतरली पाहिजे."

म्हणून आज निशातगंजहून इथपर्यंत त्या दोघी सायकलने आल्या. मी मागून रिक्षात, जीव मुठीत धरून. चौकात एक ट्रक कल्पनाच्या मागे लागला आणि हॉर्न थांबवेना. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिने हात बाहेर काढून वळण घेतलं होतं आणि ट्रक तिच्यासाठी थांबला होता.

माझ्याकडून पाहुण्यांचे, अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. वेळ खाल्ला, बोलताना कुणाला लागलं असेल, ते पोटात घाला. जे सांगितलं ते मात्र मागे घेणार नाही.

सुभद्राताई, तुम्ही आत येऊन बसलात, म्हणून दारात काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही. तिचे वडील तिथे उभे होते, तोंड पांढरंफटक. ती घामाघूम, सायकल भिंतीला लावत त्यांना म्हणाली, "पापा, वो हॉर्न बजाते रहे, मैं हटी नहीं."