आराधनाची कमांड

न्हाई पाव्हनं, वागन्याचं इचाराल तर पोरीत बोट ठिवायला जागा न्हाई — पन कामाचं इचारलंत, तर आता सांगतोच. आळशी हाय आराधना. कोल्हारहून राहात्याला आलात, मुलासाठी चौकशी करताय, म्हंजे खरं ऐकायलाच आलात ना, जोसेफभाऊ? मग ऐका. आमची ही बातम्यांची साइट — सगळ्या जिल्ह्यातनं बातम्या येत्यात, कशा? तर प्रत्येक साइटची एक फीड असती, तिकडं बातमी पडली की चारीनं पानी यावं तशी आपोआप हिकडं येती. पन चारी आधी कुनी खांदायची? मी खांदायचो. एकेका फीडची सेटिंग हातानं लिहायची — नाव, पत्ता, किती वेळानं बघायचं, फोटो घ्यायचा का न्हाई, कोनत्या पानावर टाकायचं. एक स्वल्पविराम हुकला की सगळं ठप्प. मान मोडून यायची, पन त्याला काम म्हनत्यात.

आन् ही काय करती? ती काळी खिडकी उघडती — त्यात ना चित्र, ना बटन — एक ओळ लिहिती, पुढं साइटचा पत्ता चिकटवती, एंटर मारती आन् डबा सोडून जेवाय बसती. सेटिंग आपली आपन लिहून तयार. कमांड केलीय म्हनं. "सर, तेच तेच किती वेळा लिहायचं?" — घ्या, आता तेच तेच नको यांना. आमच्या घरी रोज त्याच भाकरी थापत्यात, त्यांनी कुनाला सांगायचं? ह्यात कसली आलीय हुशारी — आपल्याला कंटाळा आला, ते मशीनच्या गळ्यात बांधलं. उद्या तुमच्या घरात आली तर धुनं-भांडं बी असंच कुनाच्या तरी गळ्यात बांधंल.

चुकती का? न्हाई, चुकत न्हाई, तेच तर म्हनतोय. माझ्या हातनं चुकायचं — जुनी सेटिंग उचलायची, नाव बदलायचं, पान बदलायचं ऱ्हाऊन जायचं. भंडारदरा धरन भरल्याची बातमी निधनवार्तेत गेली हुती, खाली लोकांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. हसले लोक, पन साइट उघडून हसले ना? आता सगळं जिथल्या तिथं. मी सकाळी येतो, खुर्ची झाडतो, बसतो. मागं ती तापानं घरी हुती तवा नेवाशाची एक फीड जोडायची आली — त्या काळ्या खिडकीत मी काय काय लिहिलं, काय बी हलंना. मग लावला फोन. अंगात ताप असताना सांगितलं तिनं, एकेक अक्षर. म्हनलं, हातानं लिहावी पयल्यासारखी, तर आता ते बी जमंना — ते जाऊ द्या, इषय पोरीचा हाय.

मुलगा कुठं असतो म्हनालात? पुन्याला. म्हंजे लग्न झालं की ही बी पुन्याला. बघा बुवा, तुमची मर्जी. राहुरीचं स्थळ आलतं, त्यांना बी मी हेच सांगितलं, आळशी हाय म्हनून — शहानी मानसं, परत फिरकली न्हाईत. तिला? तिला कशाला सांगू? ती लई दिवस म्हनायची, का नकार आला कळलंच न्हाई सर... असं काय बघताय? मी काय तिचं वाईट चिंतितो व्हय? ती गेली तर ही साइट महिनाभर टिकायची न्हाई — न्हाई, तसं न्हाई म्हनायचं मला. दुसरी मिळंल की. कमांडवाल्या पोरी काय, पैशाला पासरी.

बरं, चौकशीला माझं नाव कुनी दिलं तुमाला? तिच्या वडलांनी, शांतवनरावांनी? न्हाई? मग कुनी?

तिनं?

काय म्हनाली — "सरांनाच इचारा, ते माझ्याबद्दल चांगलंच सांगतील" — असं म्हनाली? म्हंजे राहुरीवाल्यांना बी तिनंच...

उठा पाव्हनं. चहावाला आज यायचा न्हाई. ती यायच्या आत जावा तुमी.