हात काय म्हणतात

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्यासमोर बाप-लेक बसले होते. मुलीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"बाबा, आजपासून तुम्ही कॉम्प्युटरपुढे बसून बटण दाबायचं नाही."

"मग कार्टूनची एकेक क्लिप रेंडर करून तयार कोण करणार? तुझा हात तर गळ्यात बांधलेला."

"मी डाव्या हाताने लिहिलेली ती स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, करेल. एक क्लिप तयार झाली, की ती आपोआप पुढची घेते."

"काल तुझी स्क्रिप्ट मध्येच रुसली होती."

"एका खराब फाइलवर अडकली. आता तसली फाइल बाजूला ठेवून पुढे जाते. सोमवारी कर्णबधिर मुलांच्या शाळेला सगळ्या क्लिप द्यायच्या म्हणजे द्यायच्या."

"म्हणजे मला सुट्टी."

"सुट्टी कसली? कार्टूनचे हात खुणा बरोबर करतात का, ते मशीनला कळत नाही. मलाही अर्धंच कळतं. आईला ऐकू यायचं नाही, तिच्याशी जन्मभर हातांनी बोललात ते तुम्ही."

वडील खुर्चीत पुढे सरकले.

"'भूक' चुकलीय."

"काय चुकलं?"

"हात बरोबर आहे, पण भूक लागली म्हणताना कुणी हसतं का? तुझी आई कपाळाला आठ्या घालायची. मी बोललो नाही. म्हटलं, पोरीला पुन्हा सगळा खटाटोप."

"आता खटाटोप नाही. हव्या तेवढ्या चुका काढा, सगळं पुन्हा करू."

"नक्की?"

"नक्की."

"मग 'ये' आधी घे. तुझं कार्टून पोलिसासारखं बोलावतं. हे बघ, बोटं अशी हळू आत यायला हवीत."