ब्रेक हळू दाबा, मॅडम

—नाही, नाही, तुमचं बरोबर आहे मॅडम, रोज त्याच पेट्रोल पंपावर कशाला जायचं, पेट्रोल तर आपण भरतच नाही — क्लच सोडा, हळू, हळू हो, हां — पार्किंगचा सराव म्हणून जातो असं मी तुम्हाला सांगितलं होतं, आणि ते काही अगदीच खोटं नाही. माझ्याकडे शिकलेला माणूस चढावर गाडी बंद पाडेल, पण पार्किंगमध्ये नापास होणार नाही. का? कारण पंप, वाचनालय, ती मोठी बाग, बसचा डेपो, सगळीकडे आत घ्या, मागे घ्या, लावा — आणि मी उतरतो, ‘जरा टायर बघून येतो’ म्हणून — हसताय तुम्ही. आरशात दिसतं मला. टायर गाडीला असतात आणि मी जातो इमारतीच्या मागे, हे तुमच्या लक्षात आलं असणारच.

आता विचारलंतच म्हणून सांगतो — समोर बघा, माझ्याकडे नको — लघवीला जातो मी. झालं, बोललो एकदाचं. प्रोस्टेट म्हणतात त्याला. पुरुषाच्या पोटात खाली एक ग्रंथी असते, अक्रोडाएवढी, आणि वय झालं की ती वाढते. माझे केस गेले, दात गेले, डोळे अधू झाले, भरभराट काय ती एकटीचीच चाललीय. आणि लघवीची नळी जाते नेमकी तिच्या मधून, म्हणजे दाबली जाते ना ती. मग काय होतं? घाई अशी लागते की जीव कासावीस, आणि जाऊन उभं राहावं तर काही नाही. शेजारी एखादा तरुण येतो, मोकळा होतो, हात धुतो, भांग पाडतो, निघूनही जातो, आणि मी आपला भिंतीवरच्या फरशा बघत उभा. झालं म्हणून बाहेर यावं, गाडीत बसावं, पट्टा लावावा, की पुन्हा तेच — काय म्हणालात? तुमच्या यजमानांनाही? अरे वा! — म्हणजे अरे वा नाही, वाईट वाटलं, पण खरं सांगू, बरंही वाटलं. डॉक्टरांकडे गेले? तपासलं, गोळी चालू आहे आणि आराम आहे? बघा. गेले ना ते. शहाणे आहेत.

ओ ओ ओ, गतिरोधक! ब्रेक हळू दाबा मॅडम, हात जोडतो, आज तरी हळू. आज मी पंपावर जाणार नाहीये. आज भरून ठेवायचंय. सोनोग्राफी आहे हो — तिला मूत्राशय भरलेलं लागतं, आधी भरलेलं बघतात, मग म्हणतात जाऊन या, मग मागे किती उरलं ते बघतात. बाटल्याच्या बाटल्या रिचवल्यात मी. आमच्या घरच्या तिकडे हॉस्पिटलात नंबर लावून बसल्यात. म्हणाल्या, तुम्ही बाकावर बसलात की तुम्हाला नुसतं तेच सुचतं, त्यापेक्षा शिकवत शिकवत या. कारण मागे दोनदा फजिती झाली ना. नंबर यायच्या आत मी मोकळा होऊन आलो, आणि तिथल्या बाई म्हणाल्या, आता पुन्हा भरेपर्यंत आमची वेळ संपेल. दोन्ही वेळा तेच. ही म्हणाली, जरासं धरवत नाही का हो तुम्हाला? म्हटलं, नाही धरवत, म्हातारा झालो, काय करू?

— काय? आत्ता कसं धरवतंय? म्हणजे — हो, इतका वेळ, इतके खड्डे, त्यात तुमचा ब्रेक… अहो, तुम्ही गाडी शिकायला आलात ना? मग गिअर बदला की, गाडी रडतेय बघा तिसऱ्यात. — बरं. पहिल्यांदा खरंच धरवलं नाही. दुसऱ्यांदा मात्र — नाही, पहिल्यांदाही धरवत होतं. आता नाव पुकारणार, एवढ्यात उठलो आणि गेलो. दोन्ही वेळा. हिला माहीत नाही, तुम्ही बोलू नका. माझ्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं, उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिला, आणि शेवटी तपासलं तेव्हा निघालं भलतंच, आणि हाताबाहेर गेलेलं. डॉक्टर मला म्हणतात, तुमचं तसं वाटत नाही, बहुतेकांचं नुसतंच वाढतं, पण भावाला होतं म्हणूनच नीट बघून घेऊ. कळतं हो मला. सगळं कळतं. पण मला भीती वाटते, मॅडम. अख्खा दिवस लोकांना सांगत असतो, घाबरू नका, मी शेजारी बसलोय ना — आणि माझं हे असं.

चौकात उजवीकडे घ्या. हॉस्पिटल डावीकडे आहे, माहीत आहे मला. उजवीकडे पंप. पटकन जाऊन येतो, मग पुन्हा पाणी पितो, उद्या जाऊ निवांत — उजवीकडे, मॅडम. उजवीकडे म्हणालो मी! हा डावा इंडिकेटर आहे. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो बरं का, मी दाबू शकतो, सांगून ठेवतो, दाबेन हं मी — आरसा बघितलात. वेग कमी केलात. वळण… वळण छान घेतलंत, एरवी पलीकडच्या फुटपाथवर चढता. अहो, फाटक आलं. ही बघा, पायरीवर उभी आहे, येणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावतेय. तिला हात करू नका! — केलात. झालं, बघितलं तिनं.

हँडब्रेक ओढा. गाडी बंद. रेषेच्या आत लावलीत, शाबास. नाही, सोबत येऊ नका, आणि हसवू तर मुळीच नका, हसलो तर इथंच सगळं संपेल. ते दार राहू द्या, मी उघडतो. किल्ली द्या इकडे, एकटीनं गाडी हलवायची नाही अजून. इथंच बसायचं, कळलं? मी येतोय परत.