अंक यायचा आहे

...नाही, माझं चुकलं कुठं तेवढं सांगा तुम्ही. प्रताप नगरातली रुखमाबाई, अकरा वर्षं एका शाळेत पोरींले शिवण शिकवून राहिली होती, आणि एका सोमवारी शाळेत गेली तं तिच्या मशीनवर दुसरीच बाई बसून. हेडबाई म्हणते, "तुमची नोकरी कच्ची ना, उद्यापासून येऊ नका." काहून, ते काही सांगितलं नाही. बाई माझ्याकडे आली. मी वकील माणूस, म्हटलं, लढू.

आणि तुम्हाले सांगतो, नशीब असं की त्याच महिन्यात पेपरात चार ओळी आल्या. दिल्लीच्या कोर्टानं निवाडा दिला, नोकरी कच्ची असली तरी माणसाले विचारल्याशिवाय काढता येत नाही. मले हेच पाहिजे होतं. पण पेपरातल्या चार ओळी कोर्टात चालते का? तिथं छापील निवाडा लागते, तो दर पंधरवड्याले निघणाऱ्या निवाड्यांच्या अंकात येते, अंक पोस्टानं येते, येते म्हणजे... आमच्या बार लायब्ररीत वामनराव बसते, चष्मा कपाळावर, मान वर न करता म्हणते, "अंक यायचा आहे."

पहिली तारीख गेली. अंक यायचा आहे. दुसरी गेली. यायचा आहे. तिसऱ्या तारखेले जजसाहेब म्हणाले, "वकीलसाहेब, पुढच्या वेळी शेवटची हं." मंग मी दिल्लीले ट्रंककॉल लावला, माझा कॉलेजातला दोस्त कृष्णकांत तिथं वकिली करते, सकाळी नंबर लावला तो दुपारी चारले लागला, लाइनीत नुसती खरखर, जसं कोणी पोहे भाजून राहिलं, आणि त्यातून तो ओरडते, "पान पाचशे सात." मी म्हटलं, सात? तो म्हणते, "हो, सात." लिहून घेतलं.

शेवटच्या तारखेले मी उभा राहिलो. रुखमाबाई मागच्या बाकावर, इस्त्रीचं लुगडं नेसून. आणि पाहा, जजसाहेबांकडे त्यांचा स्वतःचा अंक त्याच सकाळी आलेला. त्यांनी पान पाचशे सात काढलं, वाचलं, मंग शांतपणे म्हणाले, "हा तं खोबऱ्यावरच्या कराचा वाद आहे. खोबरं म्हणजे फळ की नाही. तुमच्या बाईशी याचा काय संबंध?" समोरचे वकील खाली पाहून हसून राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "साहेब, सात नसन, साठ असन. पाचशे साठ." त्यांनी पानं चाळली. अंक पाचशे बारालेच संपला, पुढची पानं पुढच्या अंकात. "पुढचा अंक?" मी म्हटलं, "यायचा आहे, साहेब."

केस गेली. मले वाईट वाटायले पाहिजे होतं ना? काही वाटलं नाही. नुसती तहान लागली.

बाराव्या दिवशी अंक आला. पान पाचशे साठ. आमच्या बाजूनं, शब्दन् शब्द. तो घेऊन मी प्रताप नगरात गेलो. बाई शेजारणीचा ब्लाऊज शिवून राहिली होती, हातानं, मशीन कुठली. मी सगळं वाचून दाखवलं, म्हटलं, आता अपील करू. तिनं सुई कापडात टोचून ठेवली, चहा ठेवला, मंग म्हणते, "वकीलसाहेब, मले कोणी विचारलंच नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, हो.

"तेच यात छापलं आहे ना?"

तेच.

"मंग मी सांगितलं ते काहून नाही चाललं? त्याले पुस्तक काहून लागते?"

सतरा वर्षं वकिली करून राहिलो, तुम्हाले खरं सांगतो, असा सवाल कोणी केला नव्हता. चहा प्यालो. कप खाली ठेवला. म्हटलं, पाहतो बाई... याच्यावर एखादा निवाडा असन तं.