पितळेची पाटी आणि दुसरी पेटी

अध्यक्ष अप्पासाहेब, विश्वस्त मंडळी, दवाखान्यातल्या सगळ्या सिस्टर, लॅबमधली माणसं, आणि समोर बसलेल्या प्रल्हादच्या पत्नी शालिनीअक्का.

मला बोलायला जड जातंय. शोकसभेत सगळेच असं म्हणतात, पण माझं कारण वेगळं आहे. माझ्या आधी दोघं बोलले. प्रल्हाद किती शांत होता, किती हसतमुख होता, कधी उलट बोलला नाही, असं त्यांनी सांगितलं. शांत होता, खरं आहे. आपण त्याला बोलूच दिलं नाही, मग दुसरं काय करणार होता?

बाहेरून आलेत त्यांच्यासाठी सांगतो. मी या ट्रस्टचा चिटणीस. धारवाडात सुभाष रोडला माझं वह्यापेनांचं दुकान. गेली सोळा वर्षं इथल्या सभांची इतिवृत्तं माझ्या अक्षरात आहेत. प्रल्हाद या दवाखान्याचा संगणक विभाग सांभाळायचा. विभाग म्हणजे तो एकटा. कमरीपेठेतून स्कूटरवर यायचा, मला काका म्हणायचा. जूनमध्ये त्यानं राजीनामा दिला, आणि त्यानंतर चार महिन्यांत तो गेला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी डॉक्टर नाही. मी फक्त माझ्या वहीत काय आहे ते सांगणार, आणि वहीत काय असायला हवं होतं तेही.

तीन वर्षांमागे या दवाखान्यात सहा जुने कॉम्प्युटर सहा टेबलांखाली घरघरत होते. केसपेपरचा एक, लॅबचा एक, औषधांचा एक, एक्स-रेचा एक, हजेरीचा एक. सहावा इतका जुना की रक्त तपासायचं यंत्र फक्त त्याच्याशीच जुळायचं. त्यातला रोज एखादा रुसायचा. प्रल्हाद म्हणाला, हे सगळे एका सर्व्हरच्या पोटात घालता येतात. त्यांना तो व्हर्च्युअल मशीन म्हणायचा. मला काही कळेना. तेव्हा तो माझ्या दुकानात आला, काउंटरवर वही उघडली आणि म्हणाला, "काका, चाळ समजा. इमारत एक, बिऱ्हाडं सहा. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी. शेजारच्याची कटकट नाही. पण नळ एक, वीज एक, छप्पर एक."

मी म्हटलं, मग छप्पर पडलं तर?

तो हसला. म्हणाला, "तेच सांगायला आलोय."

मंडळी, माणूस काम कसं करतो ते मी त्या पंधरवड्यात पाहिलं. सोमवारी अकरा वाजता, ओपीडीची रांग जिन्यापर्यंत गेलेली असताना, हा प्रत्येक टेबलाशी उभा राहून वहीत टिपायचा. कुठला कॉम्प्युटर किती मेमरी खातो, कुठला नुसता बसून असतो, एक्स-रे उघडला की डिस्क किती वेळ घेते. सिस्टर चिडायच्या, अण्णा जरा बाजूला व्हा. हा बाजूला व्हायचा आणि तिथून टिपायचा. सर्व्हर घेणाऱ्यानं आधी आपलं काम मोजायचं असतं, मग दुकानात जायचं असतं. आपल्याकडे उलटं असतं. आधी दुकानात जातात, मग त्यात मावेल ते काम शोधतात.

पंधरवड्यानंतर त्यानं मला एक पान दिलं. स्वतःच्या हातचं, एकच पान. त्यात लिहिलं होतं, फार मोठा प्रोसेसर नको, आपल्याला मेमरी भरपूर हवी. मेमरी चूक झाली तर स्वतः पकडणारी हवी. डिस्क जोडीनं हव्यात. आणि सगळ्यात शेवटी, खाली रेघ मारून, एक मोठा सर्व्हर नको, मध्यम आकाराचे दोन हवेत. एरवी तीन बिऱ्हाडं इकडे, तीन तिकडे. एक बंद पडला तर दुसऱ्यानं सहाही सांभाळता यावीत इतकी ताकद प्रत्येकात हवी.

मग सभा झाली. सभेला देणगीदार आले होते. त्यांचं नाव घेत नाही, ते इथे नाहीत, आणि मनानं ते वाईट नाहीत. त्यांना वडिलांच्या स्मरणार्थ सर्व्हर द्यायचा होता. विक्रेत्यानं रंगीत माहितीपत्रक आणलं होतं. एकच पेटी, भली मोठी. आत दोन प्रोसेसर, दोन पॉवर सप्लाय, सगळं दुहेरी, कधी बंद पडणार नाही म्हणे.

प्रल्हाद उभा राहिला. म्हणाला, "आत सगळं दुहेरी आहे, पण हे सगळं ज्यावर बसतं तो बोर्ड एकच आहे."

अप्पासाहेब, तुम्ही तेव्हा काय विचारलंत, आठवतं? तुम्ही विचारलंत, दोन पेट्या घेतल्या तर पाटी कुठल्या पेटीवर लावायची?

हसू नका. या दवाखान्यात पंख्याच्या पात्यावर नाव आहे, बाकावर नाव आहे, पाण्याच्या टाकीवर नाव आहे. कुणाचंही दुखणं असो, आधी देणगीदाराचं नाव वाचावं लागतं. प्रल्हाद म्हणाला, दोन्हीवर लावा. देणगीदार म्हणाले, "माझे वडील एकच होते." प्रल्हाद म्हणाला, मग खोलीच्या दारावर लावा. तर त्या दारावर आधीच दुसऱ्या कुणाचं नाव होतं. तेव्हा त्याच्या तोंडून कन्नड निघालं. त्याला फार लागलं की तो कन्नडात जायचा. "एरडु बेकु री. ओंदु साकागल्ल." दोन हवेत, एकानं भागणार नाही. आणि सगळे म्हणाले, "बिडरी अण्णा." सोडा हो. मी वहीत लिहिलं, एकमतानं मंजूर. प्रल्हादला मत नव्हतं, म्हणून एकमत झालं.

पेटी आली. पूजा झाली. नारळ त्यानं खोलीबाहेर फोडायला लावला, तेवढं ऐकलं आपण. मग पाटी आली. पितळेची, हातभर रुंद. ती कुठे लावली? पेटीच्या तोंडावर. समोरून दिसावी म्हणून. प्रल्हाद म्हणाला, "अहो, हा समोरूनच श्वास घेतो. जाळीतनं हवा आत जाते, मागनं गरम बाहेर येते. त्याच्या नाकावर काय पाटी लावताय?" कुणी ऐकलं नाही. मग त्यानं स्क्रू ढिले करून ठेवले. एरवी पाटी काढून कपाटात. पाहुणे येणार असले की ऑफिसातून निरोप, अण्णा, पाटी. हा पळत जाऊन लावायचा, पाहुणे गेले की काढायचा. बावन्न वर्षांचा माणूस, सगळा दवाखाना ज्याच्या जिवावर चालतो, तो पाटी काढतोय, पाटी लावतोय.

यंदा फेब्रुवारीत देणगीदार न सांगता आले. पाटी कपाटात दिसली. त्यांना वाईट वाटलं. वाटणारच, वडिलांचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी पाटी रिवेट ठोकून पक्की झाली. माणूस कुणी बोलावला? मी. अप्पासाहेबांनी सांगितलं, मी बोलावला. प्रल्हाद दारात उभा होता. एवढंच म्हणाला, "काका, मे महिना यायचाय."

मे महिना आला. एका सोमवारी अकराच्या सुमाराला बोर्ड गेला. सहाही बिऱ्हाडं एका क्षणात रस्त्यावर. बोर्ड बंगळुरूहून यायला पाच दिवस लागणार होते. लोक ओरडायला लागले, रिपोर्ट गेले, एक्स-रे गेले. मंडळी, नीट ऐका. एकही रिपोर्ट गेला नव्हता. त्यानं रोजची नक्कल वेगळ्या जागी ठेवली होती. सगळं सुखरूप होतं, नुसतं चालवायला दुसरी पेटी नव्हती. मला म्हणाला, "काका, सहाही बिऱ्हाडं हातात घेऊन उभा आहे, ठेवू कुठं?"

मग तो स्कूटरवरून घरी गेला आणि घरचा कॉम्प्युटर पुढ्यात ठेवून घेऊन आला. शालिनीअक्का, तुम्हीच तो चादरीत बांधून दिला होतात. त्यात सहा मावणार नव्हती. त्यानं एकच निवडलं, लॅबचं. म्हणाला, केसपेपर हातानं लिहा, हजेरी हातानं लिहा, रक्ताचे जुने रिपोर्ट डॉक्टरांसमोर हवेत. पाच दिवस या दवाखान्याची लॅब कमरीपेठेतल्या एका घरातल्या कॉम्प्युटरवर चालली. तुमच्यापैकी किती जणांना हे माहीत होतं?

सहाव्या दिवशी बंगळुरूचा इंजिनिअर आला. पेटीसमोर उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "इदु इल्लि याक री?" ही पाटी इथे कशाला? पाटीमुळेच बोर्ड गेला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. इंजिनिअरनं उष्णतेनं गेला असं लिहिलं, एवढं सांगतो.

नंतर चौकशीची सभा. त्याआधी सकाळी पाटी काढली. कुणी? पुन्हा मीच माणूस बोलावला. खोलीत कोऱ्या भिंतीसारखी स्वच्छ पेटी, आणि सभेत तिच्याविषयी जाब द्यायला एकटा प्रल्हाद. मी वहीत काय लिहिलं ते वाचतो. "संगणक विभागाच्या देखभालीतील हलगर्जीमुळे सेवा खंडित झाली." पुढे आणखी एक ओळ आहे. "पूर्वपरवानगीशिवाय खाजगी कॉम्प्युटर जोडण्यात आला, ही बाब गंभीर आहे." हो, तोच कॉम्प्युटर. चादरीत बांधलेला.

प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं. त्याचं ते पान, खाली रेघ मारलेलं, माझ्या समोरच्या फाईलमध्ये होतं. त्याला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. दोन बोटांनी बाहेर काढायचं होतं, बस. पण देणगीदार डायलिसिसची खोली बांधून द्यायचं बोलत होते, आणि अप्पासाहेबांचा चेहरा मला दिसत होता, आणि मी तोंडात मूग धरून बसलो. सगळ्या दवाखान्याच्या चुकीचं खापर एका माणसावर फुटलं, आणि ते माझ्या सुंदर अक्षरात फुटलं.  जाताना तो मला लागेल असं बोलला असता तर बरं झालं असतं.

परवा मी कमरीपेठेत गेलो. शालिनीअक्कांनी चहा दिला. अक्का म्हणाल्या, "काका, शेवटपर्यंत म्हणायचे, चूक माझी नव्हती, पण लिहून ठेवलीय माझ्या नावावर." मी विचारलं, आता काय करू? त्या म्हणाल्या, "लिहिलेलं पुसता येतं का?"

आज मघाशी अप्पासाहेबांनी जाहीर केलं की सर्व्हरच्या खोलीत प्रल्हादच्या नावाची पाटी लावणार. टाळ्याही झाल्या. शोकसभेत टाळ्या. अप्पासाहेब, तुमचा मान राखून सांगतो, पाटी नको. त्या माणसाचं आयुष्य एक पाटी काढण्यात आणि लावण्यात गेलं. आता त्याचीच पाटी कुणाच्या नाकावर लावता? त्याला काही द्यायचंच असेल तर दुसरी पेटी घ्या. तिच्यावर काहीही लिहू नका.

आणि अक्का, इतिवृत्तातलं पुसता येत नाही. पण खाली लिहिता येतं. आज सकाळी मी लिहिलंय. वाचतो.

"प्रल्हाद यांनी दोन सर्व्हर घेण्याचा सल्ला लेखी दिला होता. तो सोबत जोडला आहे. तो न मानण्याचा निर्णय विश्वस्तांचा होता. पाटी पक्की करण्याचा निर्णय विश्वस्तांचा होता. सेवा खंडित झाली ती आमच्यामुळे. लॅब चालू राहिली ती त्यांच्यामुळे."

खाली माझी सही आहे. बाकीच्या सह्यांची जागा मोकळी आहे. वही त्याच्या फोटोसमोर ठेवतो, फुलांच्या ताटाशेजारी. पेन माझ्याच दुकानातलं आहे, चालतं. विश्वस्तांना हात जोडून विनंती, आधी सही करा, मग फूल वाहा. सही करायची नसेल त्यांनी फूलही वाहू नये.

मेमधल्या त्या सभेत प्रल्हाद उभा होता आणि आपण सगळे खुर्च्यांवर गप्प बसलो होतो. आज दोन मिनिटं आपण उभे राहून गप्प राहू या.

उठा, मंडळी. अप्पासाहेब, तुम्हीही.