शर्ट नक्की, माणूस बहुधा

नाव अंजना रत्नपाल मेश्राम, वय ४१ वर्षे, धंदा शिवणकाम, रा. मुर्री, ता. जि. गोंदिया.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी सासू रुख्माबाई व मुलगी समीक्षा यांच्यासह राहते. माझे पती रत्नपाल नागझिऱ्यात गाइड आहेत.

पर्यटक त्यांना "वाघ दिखेगा क्या?" असे विचारतात. ते नेहमी "शायद" म्हणतात. नक्की म्हटले की वाघ दिसत नाही, असे तिथले सगळेच गाइड मानतात. पतींनी ती सवय घरीही आणली. जेवायला येणार का, असे विचारले तरी "कदाचित". त्यामुळे त्यांच्या वाटणीचा भात रोज शिजायला टाकावा लागे. मला याचा फार राग येई.

मागच्या रविवारी समीक्षाचा वाढदिवस होता. सकाळी निघताना ते म्हणाले, "आज नक्की येतो." लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला बरे वाटले नाही. ते आले नाहीत. भात टाकलेला होता.

आज सरकारी दवाखान्यात मला जंगलालगतच्या तलावात सापडलेले प्रेत दाखवले. चेहरा ओळखण्यासारखा राहिलेला नाही. अंगातला खाकी शर्ट नक्की माझ्या हातचा आहे. पण नागझिऱ्याच्या गेटवरच्या सगळ्याच गाइडांचे शर्ट मी शिवते. म्हणून शर्ट नक्की आणि माणूस बहुधा, असे मी सांगितले. हवालदार साहेब म्हणाले, "बाई, दुसरा कोणताच गाइड बेपत्ता नाही. आणि बहुधावर प्रेत ताब्यात देता येत नाही." त्यावर मी म्हटले, "साहेब, मी नक्की म्हटलं तर त्यांचं नक्की खोटं पडते. जन्मात एकदाच म्हटलं होतं त्यांनी."

बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाई तेव्हा आत आल्या. त्या मला म्हणाल्या, "काऊन अडवून राहिली वो? माझं लेकरू तिथं थंडीत पडून आहे. नक्की येतो म्हणला होता ना तो? मंग आण ना त्याले घरी."

हवालदार साहेबांनी पाणी दिले, ते मी प्याले.

तरी सांगते की, सदर प्रेत नक्की माझे पती रत्नपाल यांचेच आहे. ते आम्हाला घरी न्यायचे आहे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरवला आहे, आणि बहुधा खरा आहे.